मुख्याध्यापकांचा उस्ताद कोण?

महाराष्ट्रातल्या जुन्या शिक्षकांना जन्मतारीख विचारली, तर बरेच जण १ जून सांगतात. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवत नव्हती आणि गुरुजींनी जूनची पहिली तारीख लिहून टाकली, एवढेच त्यामागचे कारण. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे आला की कितीतरी शाळांचे मुख्याध्यापक शाल आणि हार घेऊन घरी जातात. जूनच्या मध्यावर शाळा भरते, तेव्हा खुर्चीत नवा माणूस असतो.

पिंपरी-चिंचवडमधल्या एका उर्दू शाळेत काही वर्षांपूर्वी असेच झाले. आम्ही संत तुकाराम नगरच्या आसपास राहणारी तीन-चार शिक्षकांची घरे. रविवारी असरच्या नमाजनंतर कोणाच्या तरी घरी चहाला जमतो. आमच्यातल्याच एक आपा त्या शाळेत वीसहून अधिक वर्षे शिकवत होत्या. ज्येष्ठता यादीत त्यांचे नाव वर आले आणि एका दिवसात त्या मुख्याध्यापिका झाल्या. आम्ही मिठाई नेली. आपांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, "मुबारकबाद कशाची देता? चाव्यांचा जुडगा मिळाला आहे फक्त."

खरेच तेवढेच मिळाले होते. कपाटांच्या चाव्या, डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराच्या नोंदवह्या, यू-डायसचा पासवर्ड आणि चार्ज घेतल्याची सही. शाळा कशी चालवायची, हे सांगायला कोणी नव्हते.

चार्ज मिळाला, तालीम नाही

पहिले तीन महिने आपा एकाही वर्गात गेल्या नाहीत. जायला वेळच उरत नव्हता. सकाळी परिपाठ संपायच्या आत मोबाइलवर निरोप येई, की अमुक माहिती आज चारपर्यंत द्या. माहिती नसेल तर "निरंक" लिहून द्या. तांदळाचा हिशेब जुळत नसे. त्यात एक आतले दुखणे होते. कालपर्यंत जिच्याशेजारी बसून डबा खाल्ला, ती रोज पंधरा मिनिटे उशिरा येते. तिला बोलायचे कसे? एका रविवारी आपा रडल्या. "मी शिक्षिका बरी होते, या खुर्चीत मी कोणीच नाही," असे म्हणाल्या.

आम्ही सारेच शिक्षक, पण त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बी.एड. केले, त्यात पाठ कसा घ्यावा हे शिकलो. सहकाऱ्याच्या पाठाबद्दल त्याच्याशी कसे बोलावे, दहा माणसांना एका दिशेने कसे न्यावे, नाराज पालकाला कसे ऐकून घ्यावे, हे कोणी शिकवले नाही. खासगी शाळांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत माध्यमिक मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव सांगितला आहे. म्हणजे उत्तम शिकवणारा माणूस उत्तम चालवणाराही असेल, असे आपण गृहीत धरतो. प्राथमिक शाळांची तऱ्हा आणखी अवघड आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी १५० हून अधिक मुले असली तर स्वतंत्र मुख्याध्यापक सांगितला आहे. पट त्याहून कमी असला की अनेकदा एखादा शिक्षक आपला वर्ग सांभाळून 'प्रभारी' होतो आणि दोन्हीकडून ओढला जातो.

आमच्या भागातली निम्मी घरे भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांवर चालतात. आमच्या एका सहकाऱ्याचा भाऊ चाकणला लाइनवर आहे. तो त्या दिवशी चहाला होता. त्याने सहज विचारले, "आमच्याकडे ऑपरेटरला सुपरवायझर करायचे तर आधी ट्रेनिंग देतात. मग जुना सुपरवायझर काही आठवडे त्याच्याबरोबर लाइनवर उभा राहतो. तुमच्याकडे कोण उभे राहते?" लोखंडाच्या सुट्या भागांसाठी जी काळजी घेतली जाते, ती मुलांसाठी का घेतली जात नाही, असाच त्याचा प्रश्न होता. आम्ही गप्प बसलो.

शनिवारची बैठक

आपांना जो सोबती मिळाला, तो नशिबाने मिळाला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांच्या कानावर हे गेले. ते म्हणाले, "शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी येत जाईन. मला उर्दू वाचता येत नाही, पण मुलांचे चेहरे वाचता येतात."

पहिल्या शनिवारी आपांनी फायली काढून ठेवल्या होत्या. गुरुजींनी त्या उघडल्या नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले. या आठवड्यात किती वर्गांत बसलात? कोणते मूल आले नाही आणि का आले नाही? कोणत्या शिक्षकाला तुमची मदत झाली? तिन्हींची उत्तरे आपांकडे नव्हती. गुरुजी रागावले नाहीत. "पुढच्या शनिवारी पुन्हा हेच विचारतो," एवढे म्हणून चहा पिऊन गेले.

मग एके दिवशी दोघे चौथीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसले. बाहेर आल्यावर गुरुजींनी विचारले, "काय दिसले?" आपा म्हणाल्या, "टीचरचा आवाज फार चढतो. फळ्यावरचे अक्षर चांगले आहे." गुरुजी म्हणाले, "आणि मुले काय करत होती?" आपांच्या लक्षात आले, की आपण पूर्ण तास टीचरकडे पाहत होतो, मुलांकडे पाहिलेच नाही. पुढच्या वेळी त्यांनी मुले पाहिली. मागच्या दोन रांगांतली मुले फळ्यावरची उदाहरणे नुसती उतरवून घेत होती. दशक आणि एकक यांतला फरकच त्यांना कळला नव्हता. आता टीचरशी बोलायला आपांकडे ठोस गोष्ट होती. "तुम्ही ओरडता" असे न म्हणता त्या म्हणाल्या, "मागची आठ मुले दशकावर अडली आहेत. उद्या आपण दोघी मिळून काड्यांच्या जुड्या करून बघू या का?" टीचर आधी बिचकली, मग तयार झाली.

दुसरी गोष्ट पालकसभेची. सभेला आया येत नाहीत, ही आपांची जुनी तक्रार. गुरुजींनी हजेरीचे कागद पाहिले आणि विचारले, "सभा कोणाच्या सोयीने ठेवता?" सभा असे कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी अर्ध्या आया दुसऱ्यांच्या घरी धुण्या-भांड्याला गेलेल्या असत आणि बाप पहिल्या पाळीला. सभा रविवारी असरनंतर ठेवली, तेव्हा वर्गात बसायला जागा पुरली नाही. त्याच सभेत कळले, की सहावी-सातवीच्या काही मुली आठवड्यातून दोन दिवस का गैरहजर असतात. लहान भावंडांना सांभाळायला घरी दुसरे कोणी नसते. आपांनी तिथेच आयांची आपसात गाठ घालून दिली. कोण कोणत्या दिवशी कोणाचे मूल सांभाळेल, हे त्यांनीच ठरवले.

चमत्कार झाला, असे आम्ही म्हणणार नाही. एक शिक्षक शेवटपर्यंत बदलले नाहीत. पोषण आहाराच्या नोंदी अजूनही कधी कधी मागे पडतात. पण दोन वर्षांनी आपा आमच्या चहाला आल्या, की फायलींऐवजी मुलांची नावे घेऊन बोलत. आम्हाला तोच फरक मोठा वाटला.

कोचिंग म्हणजे क्लास नव्हे

आपल्याकडे 'कोचिंग' म्हटले की दहावी-बारावीचा क्लास आठवतो. शाळाप्रमुखांच्या बाबतीत जगभर हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. अनुभवी माणूस नव्या प्रमुखाच्या शेजारी बसतो, त्याचे काम पाहतो, प्रश्न विचारतो, एक छोटी गोष्ट ठरवतो आणि पुढच्या वेळी तीच विचारतो. हुकूम देत नाही, शेरा लिहीत नाही. प्रशिक्षण सभागृहात होते आणि प्रमाणपत्रावर संपते. हे काम शाळेतच होते आणि महिनोन्महिने चालते.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांचा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या हदीस संग्रहांत आला आहे. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मागे इशाची नमाज पढत आणि मग आपल्या मोहल्ल्यात जाऊन लोकांची इमामत करत. एका रात्री त्यांनी सूरह बकरह सुरू केली. दिवसभर उंटांवरून पाणी वाहून थकलेला एक माणूस जमातमधून बाजूला झाला आणि एकटाच नमाज पढून निघून गेला. हजरत मुआज यांनी त्याला दोष दिला. तो माणूस प्रेषितांकडे गेला. प्रेषितांनी हजरत मुआज यांना कडक शब्दांत जाणीव करून दिली, की तुमच्या मागे म्हातारे, अशक्त आणि कामाची निकड असलेले लोक उभे असतात. पण ते तिथेच थांबले नाहीत. त्यांनी सूरह आला, सूरह शम्स, सूरह लैल अशी आटोपशीर सूरहांची नावेच सांगितली. पुढे याच हजरत मुआज यांना त्यांनी यमनला मोठ्या जबाबदारीवर पाठवले.

शाळेच्या नजरेने हा प्रसंग पाहा. नेतृत्व करणाऱ्याची चूक पदराआड घातली नाही. त्याला पदावरून हटवलेही नाही. नेमके काय चुकले, कोणाला त्रास झाला आणि उद्यापासून काय करायचे, हे तिन्ही सांगितले. मोजमाप ठरवले ते जमातमधल्या सर्वात थकलेल्या माणसावरून. शाळेचे मोजमापही मागच्या रांगेतल्या मुलावरूनच व्हायला हवे.

गंज पेठेतला कारभार

दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. संत तुकाराम नगरहून मेट्रो आता थेट मंडईला जाते. तिथे उतरून गंज पेठेत पायी जाता येते. आज तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना इथेच आपल्या घरात आसरा दिला. फातिमा शेख त्याच घरातल्या.

सावित्रीबाईंना आपण पहिल्या शिक्षिका आणि मुख्याध्यापिका म्हणतो. पण त्या खुर्चीत बसण्याआधी त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले होते, हे विसरतो. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिचेलबाई यांच्याकडे त्या शिकल्या. पुढे १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारी होऊन माहेरी नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा तो उल्लेख आहे.

त्या एका उल्लेखात आम्हाला बरेच काही दिसते. प्रमुख आजारी पडली तरी काम थांबले नव्हते. ते पेलणारी दुसरी बाई तयार होती आणि प्रमुखाला तिच्यावर भरवसा होता. चांगल्या शाळाप्रमुखाची हीच खूण आहे, की तो आपल्या मागे माणसे घडवून ठेवतो. आपल्याकडे मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत कपाटाच्या चाव्या एकाच हातात राहतात.

कागद पूर्ण, वर्ग जसाच्या तसा

सरकारच्या लक्षात ही उणीव आली नाही, असे नाही. २०१२ साली दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेत शाळा नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. त्याने २०१४ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला. स्वतःची घडण, वर्गातले अध्यापन बदलणे, शिक्षकांची टीम बांधणे, नवे प्रयोग, पालक आणि समाजाशी भागीदारी असे त्याचे भाग आहेत. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरची 'मिपा' ही संस्था मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका अनेक मुख्याध्यापकांनी केली आहे. २०१९ मध्ये आलेल्या 'निष्ठा' कार्यक्रमात शाळा नेतृत्वाचा भाग होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांनाही वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे.

तास मोजले गेले म्हणजे शाळा बदलतेच असे नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात हे उघड दिसले. तिथे शाळांचे बारकाईने मूल्यमापन करून प्रत्येक शाळेला सुधारणेचा आराखडा देण्याची योजना राबवली गेली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या १,७७४ शाळांत तिचा परिणाम तपासला. मूल्यमापन जवळजवळ सगळीकडे पूर्ण झाले होते. शाळांना दिलेल्या श्रेणी बऱ्यापैकी खऱ्या होत्या. पण शाळेच्या कामकाजात आणि मुलांच्या शिकण्यात काहीच फरक पडला नव्हता. तरीही योजना यशस्वी समजली गेली आणि तिचे रूप देशभरातल्या ६ लाखांहून अधिक शाळांपर्यंत गेले. ज्यांनी कोणी शाळेत चार रकाने भरले आहेत, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. आराखडा फाइलला लागतो. "मागच्या वेळी ठरवले त्याचे काय झाले?" असे विचारायला पुन्हा कोणी येत नाही.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात रोलंड फ्रायर यांनी दुसरी वाट तपासली. तिथल्या प्राचार्यांना दोन वर्षांत ३०० तास दिले. विषय तीनच ठेवले. पाठाचे नियोजन, मुलांच्या चाचण्यांवरून अध्यापन ठरवणे आणि शिक्षकाचा तास पाहून त्याला मदत करणे. पहिल्या वर्षी मुलांचे गुण सर्व विषयांत वाढले, दुसऱ्या वर्षी हा परिणाम टिकला नाही. ज्यांची त्याच शाळेत टिकून राहण्याची शक्यता जास्त होती आणि ज्यांनी ठरलेले काम नीट केले, त्या प्राचार्यांच्या शाळांत फायदा अधिक दिसला. माणूस शिकला आणि बदलून गेला तर शाळा पुन्हा पहिल्या पायरीवर येते, हे आपल्याला इथे बदल्यांच्या मोसमात दरवर्षी दिसते. सिंगापूरने २००१ पासून वेगळा रस्ता धरला आहे. तिथे होणाऱ्या प्राचार्यांना आधी निवडून सहा महिने पूर्ण वेळ शिकवतात, खुर्ची नंतर देतात.

आपल्या देशातही शेजारी बसण्याचा प्रयोग झाला आहे. राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यात कैवल्य एज्युकेशन फाउंडेशनने २००८ पासून सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी असा कार्यक्रम चालवला. गांधी फेलो म्हणून आलेले तरुण दोन वर्षे गावात राहत. एकेकाकडे पाच-पाच मुख्याध्यापकांची सोबत सोपवलेली असे. अनुभवाने ते मुख्याध्यापकांपेक्षा लहान होते, पण ते पुन्हा पुन्हा येत होते.

गुरुजींची जागा सरकारात आहे

आमच्या आपांना जे नशिबाने मिळाले, त्यासाठी महाराष्ट्रात पद आहे. १९९४ मध्ये राज्याने साधारण दहा शाळांमागे एक केंद्र करून केंद्रप्रमुख नेमले. शाळांना भेटी देणे, शिक्षकांना मदत करणे, केंद्राची शिक्षण परिषद घेणे हे त्यांचे काम. महापालिकांत पर्यवेक्षक असतात. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळांचे समूह करून त्यांनी एकमेकांना आधार द्यावा असे सुचवले होते. त्या आयोगाचे सदस्य सचिव कोल्हापूरचे जे. पी. नाईक होते. म्हणजे ही कल्पना आपल्याच मातीतली आहे.

झाले असे, की केंद्रप्रमुख माहिती गोळा करणारे टपाली बनले. बरीच पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि असलेल्यांच्या गळ्यात दोन-दोन केंद्रे पडली. आमच्या पाहण्यातले एक चांगले केंद्रप्रमुख म्हणत, "मी शाळेत शिरलो की मुख्याध्यापक फाइल शोधतात, कारण मी आजवर फाइलच मागितली." ज्यांनी मुख्याध्यापकांना सोबत करायची, त्यांनाही आधी कोणी सोबत केली नव्हती. म्हणून मुख्याध्यापकांना घडवायचे तर सुरुवात केंद्रप्रमुख, पर्यवेक्षक आणि शिक्षणाधिकारी यांच्यापासून करायला हवी. महिन्यातला एक दिवस तरी असा असावा, की अधिकारी शाळेत येईल, एका वर्गात बसेल आणि एकही कागद मागणार नाही.

हक्क आहे, निवड कशी करतो?

इथवर सरकारला सांगितले. आता थोडे आपल्या घराकडे पाहू. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ३ मध्ये अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची नेमणूक त्या कायद्याच्या बंधनातून वगळली आहे. १९९८ मध्ये केरळच्या एका शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच मानले, की अल्पसंख्याक संस्था आपला मुख्याध्यापक स्वतः निवडू शकते, सेवाज्येष्ठतेला ती बांधलेली नाही.

हा हक्क मोठा आहे. पण आपण तो कसा वापरतो? लायक माणूस यादीत खाली असला तरी त्याला पुढे आणण्यासाठी, की अध्यक्षांच्या नात्यातला माणूस बसवण्यासाठी? दोन्ही प्रकार आपण पाहिले आहेत. ज्या संस्थेने चांगला प्रमुख निवडला, तिची शाळा दहा वर्षांत मोहल्ल्याची शान झाली. जिथे खुर्ची घरातली वस्तू समजली गेली, तिथे पट घसरत गेला, आणि लोक कारण विचारतात तेव्हा जमाना खराब झाला असे उत्तर मिळते. जबाबदारी ही अमानत आहे आणि ती लायक माणसाच्या हाती सोपवायची असते, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. संस्थेच्या बैठकीत ते आठवायला हवे.

संस्थांना फार खर्च करावा लागणार नाही. निवृत्तीच्या सहा महिने आधी पुढचा प्रमुख ठरवावा आणि तेवढे दिवस त्याला जुन्या प्रमुखाच्या शेजारी बसवावे. शहरातल्या निवृत्त मुख्याध्यापकांची यादी करावी, त्यातल्या इच्छुकांना महिन्यातून दोनदा येण्याची विनंती करावी आणि रिक्षाचे भाडे द्यावे. आणि नव्या प्रमुखाला किमान तीन वर्षे हलवू नये.

पालकांनो, तीन प्रश्न

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांत समितीचे काम सल्ल्यापुरते असले, तरी सल्ला देता येतो. आपण मात्र समितीत जातो ते गणवेश कधी मिळेल आणि नळाला पाणी का नाही, हे विचारायला. तेही विचारा. पण पुढच्या सभेत गुरुजींचे तीन प्रश्नही विचारा. मुख्याध्यापक या महिन्यात किती वर्गांत बसले? कोणती मुले येत नाहीत आणि का? कोणत्या शिक्षकाला काय मदत मिळाली? विचारताना आवाज चढवू नका. ज्या आपांना चाव्यांच्या जुडग्याखेरीज काही मिळाले नाही, त्यांना दरडावून काहीच हाती लागणार नाही. "तुम्हाला आमची काय मदत होईल?" हा चौथा प्रश्न आपल्याकडून जाऊ द्या.

गुरुजींची तब्येत आता पूर्वीसारखी नाही. मागच्या पावसाळ्यात ते काही दिवस दवाखान्यात होते आणि शनिवारची बैठक चुकली. आपा त्यांना भेटायला गेल्या, सोबत आम्हीही होतो. गुरुजींनी आधी तब्येतीचे बोलणे टाळले आणि विचारले, "चौथीचे दशक-एकक झाले का?" आपा म्हणाल्या, "झाले. आता तिसरीच्या टीचरबरोबर बसते आहे. आणि गुरुजी, शेजारच्या शाळेत नवीन बाईंनी चार्ज घेतला आहे. शनिवारी मी त्यांच्याकडे जायला लागले आहे."

गुरुजींनी डोळे मिटले आणि मान हलवली. परतताना जिना उतरताना कोणी काही बोलले नाही. अल्लाह त्यांना उदंड आयुष्य देवो, आणि प्रत्येक शाळेच्या खुर्चीशेजारी असा एक माणूस देवो.